पर्यटन व्हिसाची फाईल कशी बांधावी: नाशिकहून शेंगेन अर्ज करणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

युरोपला जायचे ठरले की नाशिकमधील बहुतेक कुटुंबे आधी विमानाच्या तिकिटांचे भाव पाहतात, मग एजंट गाठतात, मग मुंबईची अपॉइंटमेंट शोधतात, आणि बँकेचे स्टेटमेंट, रजेचे पत्र, सातबारा ही कागदपत्रे शेवटच्या आठवड्यात गोळा करतात. हा क्रम उलटा आहे. तिकीट आणि हॉटेल एका दिवसात ठरवता येते, पण बँक खात्यातील सहा महिन्यांचा व्यवहार एका दिवसात तयार होत नाही, आणि नेमका तोच अर्जातील सर्वांत वजनदार भाग असतो.

शेंगेनच्या, म्हणजे युरोपातील अनेक देशांच्या सामायिक, पर्यटन व्हिसासाठी निर्णय घेणारा अधिकारी बहुतेक वेळा अर्जदाराला भेटतही नाही, त्याच्यासमोर असते ती फाईल. त्या फाईलमधून त्याला चार गोष्टी स्पष्ट दिसाव्या लागतात: प्रवास कशासाठी आहे, तो नेमका कुठे आणि किती दिवसांचा आहे, खर्च कोण आणि कशातून करणार आहे, आणि अर्जदार मुदतीत भारतात का परतेल. नकाराच्या छापील पत्रातील बहुतेक कारणे याच चार प्रश्नांभोवती असतात. म्हणून पुढचा प्रत्येक टप्पा करताना हा कागद यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे स्वतःला विचारावे. ज्या कागदाला उत्तर नाही तो फाईलमध्ये घालू नये.

प्रवासाच्या तारखेआधी किमान चार ते पाच महिने तयारीला लागावे. नियमानुसार अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो दाखल व्हावा लागतो. निर्णयाला साधारणपणे १५ दिवस लागतात, पण अधिक तपासणीची गरज वाटल्यास ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. मे महिन्यात जाणाऱ्यांनी मार्चमध्ये अपॉइंटमेंट शोधायला सुरुवात केली तर तारखाच मिळत नाहीत, हा दरवर्षीचा अनुभव आहे.

टप्पा १: देश आणि अर्जाचे ठिकाण ठरवणे

शेंगेन क्षेत्रात आज २९ देश आहेत आणि एका व्हिसावर त्या सर्वांत फिरता येते, पण अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे आपल्या सोयीने ठरत नाही. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम आहे त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशातून शेंगेनमध्ये पहिला प्रवेश होणार आहे त्याच्याकडे. उदाहरणार्थ, झुरिक, ल्युसर्न आणि इंटरलाकेन मिळून पाच रात्री आणि पॅरिसमध्ये चार रात्री असतील तर अर्ज स्वित्झर्लंडकडे जाईल, मग परतीचे विमान पॅरिसहून असले तरी. फ्रान्सची तारीख लवकर मिळते म्हणून तिकडे अर्ज करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तसे केल्यास अर्ज न तपासताच परत येऊ शकतो, किंवा प्रवासाच्या हेतूबद्दल शंका निर्माण होते.

लंडन या प्रवासात असेल तर जास्त काळजी घ्यावी. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा ॲम्स्टरडॅमला उतरायचे असेल तर शेंगेनमध्ये दोनदा प्रवेश होतो, आणि एकाच प्रवेशाचा व्हिसा त्याला पुरत नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा घ्यावा लागतो तो भाग निराळाच.

*पडताळणी:* कोणत्या देशात किती रात्री हे एका कागदावर लिहून बेरीज करा. ही बेरीज आणि अर्जातील मुख्य देश जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: पासपोर्ट आणि नावांचा ताळमेळ

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात निदान दोन पाने कोरी असावीत. मुदत काठावर असेल तर नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून आधी नूतनीकरण करून घ्यावे आणि मगच बाकीचे काम सुरू करावे, कारण पासपोर्ट क्रमांक बदलला की तिकीट, विमा, अर्ज सगळे पुन्हा करावे लागते. जुन्या पासपोर्टवर पूर्वीचे व्हिसे असतील तर तेही सोबत जोडावेत.

आपल्याकडे खरे घोडे अडते ते नावांवर. पासपोर्टवर पतीचे किंवा वडिलांचे नाव मधल्या जागी पूर्ण लिहिलेले असते, बँकेत फक्त आद्याक्षर असते, मिळकतीच्या उताऱ्यावर लग्नाआधीचे आडनाव राहिलेले असते. फोटो आणि जन्मतारीख सारखीच असल्यामुळे आपल्याला यात काही वावगे वाटत नाही. अधिकाऱ्याला मात्र ही तीन वेगळी माणसे दिसू शकतात. बँकेत केवायसी अद्ययावत करून नाव पासपोर्टप्रमाणे करून घेणे हा सर्वांत स्वच्छ उपाय आहे. वेळ नसेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे.

टप्पा ३: पैशाचा पुरावा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. खात्यात किती रक्कम आहे यापेक्षा ती कशी आली आणि नेहमीचे उत्पन्न तिच्याशी जुळते का, हे अधिक पाहिले जाते. महिना चाळीस हजार पगार असलेल्या खात्यात अर्जाच्या आठ दिवस आधी अचानक पाच लाख जमा झाले तर ती उसनी रक्कम असावी असाच तर्क निघतो, आणि तो बहुधा बरोबर असतो. घरातील भावाने किंवा काकांनी मदतीचे पैसे दिले असतील तर ते लपवू नयेत. देणाऱ्याचे पत्र, त्याचे स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा जोडून ते उघडपणे दाखवावेत.

किती रक्कम पुरेशी, याचे एकच उत्तर नाही, पण काही देशांनी दररोजच्या खर्चाची मोजपट्टी जाहीर केलेली आहे. स्वित्झर्लंडसाठी ती प्रतिव्यक्ती प्रतिदिन १०० स्विस फ्रँक आहे. फ्रान्ससाठी हॉटेलचे आरक्षण असल्यास ६५ युरो आणि नसल्यास १२० युरो. दोन माणसांच्या दहा दिवसांच्या स्वित्झर्लंड प्रवासाला या हिशेबाने २,००० फ्रँक, म्हणजे दोन लाखांहून अधिक रुपये, विमानखर्च सोडून दाखवावे लागतात. माझ्या मते, सगळा खर्च वजा केल्यावरही खात्यात घराच्या निदान तीन महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक राहिली पाहिजे. आयुष्यभराची पुंजी दहा दिवसांत संपवून येणारा माणूस कुणालाच पर्यटक वाटत नाही.

स्टेटमेंट शेवटच्या सहा महिन्यांचे घ्यावे, काही देश तीन महिन्यांचे मागतात तरीही. ते बँकेच्या शिक्क्यासह आणि अधिकाऱ्याच्या सहीसह असावे. मोबाइल ॲपमधून काढलेली प्रिंट किंवा पासबुकाची झेरॉक्स यांच्यावर विसंबू नये. मुदत ठेवींच्या पावत्या, म्युच्युअल फंडाचे विवरण हे पूरक पुरावे आहेत, बचत खात्याची जागा ते घेत नाहीत. पतसंस्थेत ठेवलेले पैसे वापरायचे असतील तर ते बँकेच्या बचत खात्यात चार-सहा महिने आधीच आणावेत.

नोकरदारांनी तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप, फॉर्म १६ आणि गेल्या दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे द्यावीत. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचा कारखाना किंवा जॉबवर्क असणाऱ्यांनी उद्यम नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र, अलीकडची जीएसटी विवरणे आणि कंपनीच्या खात्याचे स्टेटमेंट वैयक्तिक स्टेटमेंटसोबत जोडावे. निवृत्तांनी पेन्शन पेमेंट ऑर्डर आणि पेन्शन जमा होणाऱ्या खात्याचे स्टेटमेंट द्यावे.

शेतकऱ्यांसाठी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण नाशिक जिल्ह्यातील चांगल्या परिस्थितीतील बागायतदारांची फाईलही केवळ मांडणीमुळे कमकुवत दिसते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने अनेकजण विवरणपत्रच भरत नाहीत, आणि मग उत्पन्नाचा सरकारी कागद हाती राहत नाही. प्रवासाचा विचार असेल तर किमान दोन वर्षे आधीपासून विवरणपत्र भरावे आणि त्यात शेतीचे उत्पन्न करमुक्त उत्पन्न म्हणून दाखवावे. हे उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असेल तर आयटीआर-१ हा फॉर्म चालत नाही, त्यामुळे सनदी लेखापालांना तसे स्पष्ट सांगावे.

दुसरी अडचण हंगामाची. समजा, दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराच्या खात्यावर जुलै ते जानेवारी किरकोळ व्यवहार आहेत आणि मार्चमध्ये निर्यातदाराकडून एकदम नऊ लाख रुपये जमा झाले आहेत. आपल्याला हे रोजचे आहे. द्राक्षाची तोडणी जानेवारी ते एप्रिल या काळात होते आणि पैसा त्याच सुमारास येतो, हे परदेशी अधिकाऱ्याला मात्र ठाऊक असेलच असे नाही. त्याला ती अचानक जमा झालेली रक्कम वाटेल. म्हणून स्टेटमेंटवर त्या नोंदीला पेन्सिलने क्रमांक द्यावा आणि सोबतच्या अर्ध्या पानाच्या इंग्रजी टिपणात त्याच क्रमांकापुढे लिहावे: द्राक्षविक्रीची रक्कम, तारीख, खरेदीदाराची पावती सोबत जोडली आहे. कांदा विकला असेल तर बाजार समितीतील आडत्याची हिशोबपट्टी जोडावी. मागील वर्षीही त्याच महिन्यांत तशीच रक्कम आली होती हे दाखवता आले तर शंकेला जागा उरत नाही. यासाठी मागील वर्षाच्या हंगामाचे स्टेटमेंटही काढून ठेवावे. सातबारा आणि ८-अ उतारा डिजिटल सहीचा घ्यावा, आणि मराठीतील प्रत्येक कागदासोबत इंग्रजी भाषांतर द्यावे.

*इशारा:* बनावट स्टेटमेंट किंवा पगाराची खोटी स्लिप करून देणारी माणसे शहरात भेटतात. शेंगेनच्या सामायिक माहिती यंत्रणेत अर्जाची आणि नकाराची नोंद पाच वर्षे राहते, आणि ती सर्व सदस्य देशांना दिसते. एका खोट्या कागदामुळे पुढचे खरे अर्जही संशयाच्या सावलीत जातात.

टप्पा ४: परत येण्याची कारणे कागदावर आणणे

“मी परत येईन” असे लिहून दिल्याने काही सिद्ध होत नाही. परत यावे लागेल अशी परिस्थिती दिसली पाहिजे. नोकरदारांसाठी कंपनीच्या लेटरहेडवरील रजेचे पत्र हा मुख्य पुरावा आहे. त्यात पद, नोकरीला लागल्याची तारीख, पगार, मंजूर रजेच्या अचूक तारखा आणि रुजू होण्याचा दिवस असावा, आणि सही करणाऱ्याचे नाव, पद व चालू दूरध्वनी क्रमांक असावा. ओझरच्या विमान कारखान्यात किंवा नाशिक रोडच्या मुद्रणालयांत काम करणाऱ्यांनी कार्यालयाच्या ना-हरकत पत्रासाठी लवकर अर्ज करावा, कारण ही पत्रे अनेक टेबलांवरून फिरून येतात.

शेतकऱ्याच्या बाबतीत हंगामच सर्वांत चांगला पुरावा ठरतो, फक्त तो सांगावा लागतो. ऑगस्टच्या शेवटी जाऊन सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात परतणाऱ्या बागायतदाराने अर्जासोबतच्या पत्रात लिहावे की गोडी छाटणीचे (फळ धरण्यासाठी केल्या जाणाऱ्या द्राक्षवेलींच्या छाटणीचे) काम त्यानंतर सुरू होते, मजुरांची टोळी ठरवायची असते आणि बागेची जबाबदारी त्याच्याकडे आहे. मुले शाळेत असतील तर बोनाफाईड प्रमाणपत्र आणि सुट्टीच्या तारखा, वृद्ध आईवडील घरी असतील तर त्यांचा उल्लेख, घराचे कर्ज चालू असेल तर त्याचे हप्ते दाखवणारे विवरण, ही सर्व उपयोगी कारणे आहेत. कर्ज आहे म्हणून व्हिसा नाकारतात असा समज आहे. नियमित फेडले जाणारे कर्ज उलट स्थैर्य दाखवते.

गृहिणीने पतीच्या कागदांसोबत विवाह प्रमाणपत्र आणि खर्च पती करणार असल्याचे सहीचे पत्र द्यावे. अठरा वर्षांखालील मूल एकाच पालकासोबत जात असेल तर दुसऱ्या पालकाचे नोटरी केलेले संमतिपत्र आणि जन्मदाखला लागतो. ही गोष्ट मुंबईला पोहोचल्यावर आठवली तर त्या दिवशीची अपॉइंटमेंट वाया जाते.

टप्पा ५: प्रवासाचा आराखडा, आरक्षणे आणि विमा

आता, आणि आताच, आरक्षणे करावीत. व्हिसा मिळण्याआधी परतावा न मिळणारे तिकीट काढू नये. जाण्या-येण्याचे तात्पुरते आरक्षण आणि रद्द करता येणारी हॉटेले पुरेशी आहेत. मात्र ती खरी असावीत, कारण हॉटेलकडे चौकशी होऊ शकते आणि अर्ज दाखल करताच ती रद्द केल्यास अडचण येते.

आराखडा एका पानाचा तक्ता असावा: तारीख, शहर, मुक्कामाचे ठिकाण, एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याचे साधन. दहा दिवसांत सात देशांचा आराखडा कागदावर शक्य असला तरी विश्वास वाटावा असा नसतो. एखाद्या रात्रीचा मुक्काम राहून जाणे ही अत्यंत नेहमीची चूक आहे, विशेषतः रात्रीच्या ट्रेनच्या किंवा मध्यरात्रीनंतर पोहोचणाऱ्या विमानाच्या दिवशी.

मुलगा किंवा मुलगी तिकडे राहत असेल आणि त्यांच्याकडे उतरायचे असेल तर अर्जात तसेच लिहावे. प्रवासाचा हेतू पर्यटन लिहून पत्ता मुलाचा देणे ही विसंगती आहे. जर्मनी आणि फ्रान्ससारख्या देशांत यजमानाला तिथल्या स्थानिक कार्यालयातून हमीपत्र किंवा निमंत्रणाचा अधिकृत दाखला काढता येतो. त्याला वेळ लागतो, म्हणून त्यांना दोन महिने आधी कळवावे.

विमा किमान ३०,००० युरोंचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्राला लागू, मुक्कामाचा प्रत्येक दिवस झाकणारा असावा, आणि त्यात तातडीचे उपचार, रुग्णालय आणि मृत्यू झाल्यास मायदेशी आणण्याचा खर्च समाविष्ट असावा. विमान उशिरा सुटले तर अडचण नको म्हणून दोन दिवस जास्तीचे घ्यावेत.

*पडताळणी:* तिकीट, हॉटेल, विमा, रजेचे पत्र आणि आराखडा हे पाच कागद टेबलावर शेजारी ठेवून फक्त तारखा वाचा. एकही तारीख वेगळी असेल तर ती आता दुरुस्त करा.

टप्पा ६: अर्ज आणि पत्र

अर्ज शेवटी भरावा, म्हणजे त्यातील प्रत्येक उत्तर समोरच्या कागदावरून उतरवता येते. पूर्वी कोणत्याही देशाचा व्हिसा नाकारला गेला असेल आणि तसा प्रश्न विचारला असेल तर खरे उत्तर द्यावे. एजंटने अर्ज भरला असला तरी सही आपली असते, त्यामुळे सही करण्याआधी प्रत्येक रकाना स्वतः वाचावा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, पांढऱ्या किंवा फिकट पार्श्वभूमीवरचा आणि अलीकडचा असावा.

सोबतचे पत्र इंग्रजीत, एका पानात, साध्या वाक्यांत असावे. कोण जाणार, कुठे, केव्हा, खर्च कोण करणार, परतून काय करणार, आणि फाईलमध्ये काही असाधारण असल्यास त्याचा खुलासा, एवढेच. त्या देशाच्या सौंदर्याचे वर्णन, लहानपणापासूनचे स्वप्न अशा मजकुराने पान भरते, निर्णयाला मदत होत नाही.

टप्पा ७: मुंबईची अपॉइंटमेंट

बहुतेक देशांचे अर्ज व्हीएफएस ग्लोबल या खासगी कंपनीच्या आणि स्पेनचे बीएलएस या कंपनीच्या केंद्रात स्वीकारले जातात. ही केंद्रे कागद घेतात आणि बोटांचे ठसे घेतात, व्हिसा द्यायचा की नाही हे वाणिज्य दूतावास ठरवतो. त्यामुळे “आमची आत ओळख आहे” असे म्हणणाऱ्याला पैसे देण्यात अर्थ नाही. व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे, सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. नकार आला तर यातील काही परत मिळत नाही.

दुपारची वेळ असेल तर पंचवटी एक्सप्रेसने त्याच दिवशी जाता येते, पण सकाळची वेळ असेल तर आदल्या दिवशी मुक्कामाला जावे. पावसाळ्यात कसारा घाटात गाड्या अडकतात आणि केंद्रात उशिरा येणाऱ्याला पुन्हा नवी तारीख घ्यावी लागू शकते. बारा वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला ठशांसाठी स्वतः जावे लागते. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर ते पुन्हा वापरता येतात. बोटांच्या टोकांवर मेंदी असेल किंवा शेतकामाने, यंत्रकामाने कातडी फाटली असेल तर ठसे नीट उमटत नाहीत, म्हणून आधीचा आठवडाभर हातांची काळजी घ्यावी.

टप्पा ८: निकालानंतर

व्हिसा मिळाल्यास पासपोर्ट हाती येताच स्टिकर वाचावे: नावाचे स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, पहिली आणि शेवटची तारीख, प्रवेशांची संख्या आणि मुक्कामाचे दिवस. वैधतेचा काळ आणि मुक्कामाचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैधता महिनाभराची असूनही राहण्याचे दिवस बाराच असू शकतात, आणि ते ओलांडले तर पुढचे व्हिसे अडचणीत येतात. एप्रिल २०२४ च्या निर्णयानुसार, मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नियमाने वापरलेल्या, भारतात राहणाऱ्या भारतीयांना दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो, म्हणून दिवसांचा हिशेब पहिल्याच प्रवासापासून चोख ठेवावा.

नकार आल्यास पत्रातील खूण केलेले कारण नीट वाचावे आणि त्याच कारणावर काम करावे. निर्वाहाचे साधन अपुरे असे कारण असेल तर टप्पा ३ पुन्हा करावा, आणि त्याला खरोखर काही महिने लागतील हे मान्य करावे. परत जाण्याबद्दल शंका असे असेल तर टप्पा ४. माहिती विश्वासार्ह नाही असे असेल तर कोणता कागद कोणत्या कागदाशी जुळत नाही ते शोधावे. दाद मागण्याची पद्धत आणि मुदत देशागणिक वेगळी असते आणि ती पत्रातच दिलेली असते. नवा अर्ज करण्यासाठी सक्तीचा थांबा नसला तरी तीच फाईल आठवड्याभरात दुसऱ्या देशाकडे नेऊ नये, कारण आधीचा नकार तिथेही दिसतो. नव्या अर्जाच्या पत्रात मागील नकाराचा उल्लेख करून, त्यानंतर कोणता कागद नव्याने जोडला आहे ते एका वाक्यात लिहावे.